सुईचा रिकामा गोल

लग्नाला दोन महिने झाले तरी नवऱ्याच्या मागे मोटारसायकलवर बसण्याचा योग तिला आला नव्हता. कारण मोटारसायकल सासऱ्यांची होती. गाडी नवऱ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि घरात दोघांना मान मिळायचा तोही याच क्रमाने. सासरे रोज संध्याकाळी गाडी पुसायचे. मुलगा जवळून गेला की तेवढा भाग पुन्हा पुसायचे.

म्हणून सासरे आठ दिवसांसाठी लेकीकडे गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, नवरा हळूच म्हणाला, "एक छोटीशी चक्कर मारून येऊ. कोपऱ्यापर्यंत."

"बाबांना विचारलंत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. त्यांना उगाच कशाला वाईटपणा घ्यायला लावायचा?"

(दुसऱ्यांचा विचार करण्याची त्याला सवयच होती.)

त्याने पेट्रोलचा कॉक उघडला, रुबाबात किक मारायला पाय उचलला आणि गाडीखाली टपटप सुरू झाली. पाय खाली येईपर्यंत टपटपीची धार झाली होती. न्हाणीघरातला नळ कुणी उघडा टाकून जावं, तसं खालच्या नळीतून पेट्रोल वाहत होतं. त्याने घाईघाईने कॉक बंद केला आणि मोठ्या डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, "कार्बोरेटर."

ऑफिसात तो विम्याचे कागद तपासायचा. पण गेल्या वर्षी त्याने मिक्सरचं झाकण दुरुस्त केलं होतं, आणि तेव्हापासून कुठल्याही यंत्रावर त्याला मत असायचं.

"मेकॅनिकला बोलवू या?" तिने विचारलं.

"तो बाबांचा दोस्त. आपण फोन ठेवायच्या आत बाबांना कळेल. नुसता खोलायचा, साफ करायचा आणि लावायचा. आहे काय त्यात?"

त्यात काय आहे ते तासाभरात गॅलरीत दिसायला लागलं. पितळेचे जेट, स्प्रिंगा, वायसर, स्क्रू, आणि फ्लोट नावाचा एक पोकळ तुकडा, जो पेट्रोलवर तरंगतो. हे सगळं फरशीवर गडगडायला लागलं, तेव्हा तिला कागद आठवला.

हे घर तोंडापेक्षा कॅलेंडरवर जास्त चालायचं. दूध किती घेतलं, गॅस कधी लावला, कुणाच्या गोळ्या संपल्या, सगळं सासरे त्यावर लिहायचे. सासूबाई चष्मा सापडला तर वाचायच्या, आणि नवरा कधीच वाचायचा नाही. आदल्या दिवशी पहिली तारीख होती. सासरे पहाटे निघून गेल्यावर तिने अंघोळ करून गेल्या महिन्याचं पान नीट फाडून ठेवलं होतं. (मोठ्यांचं लिहिलेलं आपण वाचू नये म्हणून घडी घालताना ती दुसरीकडे बघत होती. तिचं वळणच तसं.) पानाची मागची बाजू कोरी, पांढरीशुभ्र होती. बारीक वस्तू त्यावर उठून दिसतील असा विचार करून तिने कोरी बाजू वर करून ते पान गॅलरीत अंथरलं.

"वा," नवरा म्हणाला. "म्हणूनच आई म्हणते, तुझं लक्ष फार असतं."

तेवढी एकच पुंजी तिने या घरात जमवली होती. ती बोलायची कमी, स्वयंपाक बेताचा, पण सासूबाईंचा चष्मा, कपाटाची किल्ली, सासऱ्यांचा दुसरा मोजा हे सगळं तिलाच सापडायचं.

नवऱ्याने कागदावर पेनाने गोल काढले, प्रत्येक गोलात एक वस्तू ठेवली, खाली नाव लिहिलं आणि तो चहाला उठला. तेवढ्यात तिने गॅलरीचा केर काढला. चहानंतर नवऱ्याने सासऱ्यांची जुनी पुस्तिका उघडली, चित्रातल्या वस्तू एकेक करून मोजल्या आणि पुन्हा मोजल्या.

"फ्लोटची सुई नाही."

"म्हणजे?"

"फ्लोट वर आला की ही सुई पेट्रोलची वाट बंद करते. एवढीशी असते." त्याने एक नवा गोल काढला, खाली 'सुई' लिहिलं आणि गोल रिकामाच ठेवला. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या झाडूकडे गेली. नजर लगेच परत आली, पण तिने ती जाताना पाहिली होती.

"तुझा दोष नाही," तो म्हणाला.

जेवताना तो हेच म्हणाला. भांडी घासताना स्वयंपाकघरात येऊन म्हणाला. सोमवारी ऑफिसातून फोन करून म्हणाला. मंगळवारपर्यंत तिची पक्की खात्री पटली होती की दोष आपलाच आहे.

तिने केराची पिशवी वर्तमानपत्रावर उपडी केली. त्यात दोन बटणं आणि सासूबाईंचा एक दात सापडला. सुई काही सापडली नाही.

"कशाला एवढं मनाला लावून घेतेस?" सासूबाई दात धुऊन घेत म्हणाल्या. "तुझे सासरे रविवारी काय बोलतील ते बोलतील. मलाही तीस वर्षं बोलतायत. मला काही झालं का?"

बुधवारी दोघं जुन्या गाड्यांच्या पार्टच्या दुकानात गेले. मालक काउंटरमागे असा बसला होता की आधी त्याला बसवून मग भोवती दुकान बांधलं असावं.

"नमुना?" त्याने हात पुढे केला.

"हरवला," नवरा म्हणाला. "म्हणून तर घ्यायला आलो."

"सुया चाळीस तऱ्हेच्या आहेत. लांब, आखूड, रबरी टोकाची, नुसती पितळेची. तुमची कसली होती?"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. ज्याने हरवली त्याने पाहिली असणार, असा त्या नजरेत हिशेब होता. जन्मात न पाहिलेल्या सुईची लांबी तिने दोन बोटांत धरून दोन-तीनदा दाखवली.

"ताई, दर वेळी तुम्ही वेगळी लांबी दाखवताय," मालक म्हणाला. "शहाणा माणूस नमुना खिशात घालून फिरतो. तीन न्या. एखादी बसेल."

पहिली सुई बसवली, धार लागली. दुसरी आत गेली ती बाहेर येईना, शेवटी सासूबाईंच्या केसातल्या पिनेने निघाली. तिसरी बसवली, पुन्हा धार. शनिवार संध्याकाळ झाली होती. सासरे दुसऱ्या दिवशी येणार होते, आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर आता डॉक्टर राहिला नव्हता, पेशंट होता.

ती पुस्तिकेतल्या चित्राकडे बराच वेळ बघत होती. चित्रात फ्लोटचा फुगीर भाग खाली होता. नवऱ्याने तो वर केला होता.

"अहो," ती म्हणाली, "या पुस्तकात फ्लोट उलटा छापलाय का?"

नवऱ्याने चित्र पाहिलं. फ्लोट पाहिला. पुन्हा चित्र पाहिलं.

"थांब," तो म्हणाला. "मला एक सुचलंय."

त्याने फ्लोट उलटवला. पेट्रोल थांबलं. "कसं काय सुचलं हो तुम्हाला?" ती म्हणाली, आणि यात अनुभवाचाही भाग असतो असं त्याने तिला समजावून सांगितलं.

रविवारी सकाळी, सातव्या किकला, गाडी खोकली, शिंकली आणि चालू झाली. सासरे दुपारी येणार होते. ती पहिल्यांदा मागे बसली, हात कुठे ठेवावा याचा विचार करून शेवटी नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला, आणि गाडी फाटकापर्यंत पोचली तोच फाटक उघडून सासरे आत आले. त्यांना आधीची बस मिळाली होती.

त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली.

"सूनबाई, आधी तू उतर. लांब उभी राहा. आणि तू कॉक बंद कर. गाडी चालूच कशी झाली? आत सुईच नाही."

"आहे," नवरा म्हणाला.

"कुठली?"

"तिसरी."

सासऱ्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं. आत कापसावर दोन सुया होत्या, एक झिजलेली, एक नवी. "झिजली होती म्हणून निघायच्या आधी काढून घेतली. तिकडे सात दुकानं हिंडलो. नमुना बरोबर होता म्हणून मिळाली."

ती फाटकाला टेकून उभी राहिली. म्हणजे केरात काही गेलंच नव्हतं. आठ दिवसांत पहिल्यांदा तिला पुरता श्वास घेता आला.

"पण बाबा, सांगून जायचं ना," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजाला एकदम धार आली होती. "इथे हिने केराची पिशवी उपसली."

"लिहून गेलो होतो. कॅलेंडरवर."

सगळे आत गेले. सासूबाईंनी चष्मा लावून कॅलेंडर वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इथे तर नुसतं दूध आहे."

"या पानावर नाही. मी निघालो तेव्हा जुनंच पान होतं."

ती तशीच गॅलरीत गेली, गोलांतल्या उरलेल्या दोन सुया आणि स्क्रू बाजूला काढले, आणि आठ दिवस ज्यावर सगळा कार्बोरेटर मांडलेला होता तो कागद उलटा करून सासूबाईंच्या हातात दिला. तेलाचे डाग पार झाले होते, तरी अक्षर लागत होतं. सासूबाईंनी मोठ्याने वाचलं.

"फ्लोटची सुई नमुन्यासाठी नेली आहे. कॉक उघडू नये. चिरंजीवांना गाडीजवळ फिरकू देऊ नये." त्या थांबल्या. सुईच्या रिकाम्या गोलाच्या बरोबर मागे आणखी एक ओळ होती. "हिला चष्मा सापडणार नाही, तो वाचणार नाही. सूनबाई वाचेल. तिचं लक्ष असतं."

मग नवरा पुढे आला आणि त्याने मोठ्या मनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे," तो म्हणाला. "तुझा दोष नाही."