कुंदाताईंची ड्युटी

कुंदाताईंसमोर सुटा धागा घेऊन उभं राहू नये. त्यांच्या गळ्यातल्या नाडीला कटर बांधलेला असतो, तो कधी चालेल याचा नेम नाही. माझ्या नणंदेच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना ह्या पुढे झाल्या, नवऱ्या मुलाच्या शेरवानीचा धागा कचकन कापला आणि म्हणाल्या, "हं, आता पास." भटजींची मंगलाष्टकं तिथेच अडकली.

अंबरनाथ पूर्वेला आमच्या बिल्डिंगमध्ये त्या माझ्या शेजारीण. चोवीस वर्षं उल्हासनगर कॅम्प चारच्या एका जीन्स कारखान्यात चेकर. शिवून आलेली पँट उलटीसुलटी करून बघायची आणि निकाल द्यायचा: पास, रिजेक्ट, नाहीतर अल्टर. अल्टर म्हणजे उसवा आणि पुन्हा शिवा. हेच निकाल त्या माणसांनाही लावतात. माझ्या भाचीला बघायला आलेला मुलगा चहा पिऊन गेला, तेव्हा म्हणाल्या, "कापड बरंय, पण सगळी शिलाई आईच्या हातची. अल्टर."

मग लॉकडाऊन लागला. कारखाना बंद, आणि घरात नवरा नि लग्नाच्या वयाचे दोन मुलगे चोवीस तास हजर. आमच्या घरांमध्ये एकच भिंत, त्यामुळे पहिले चार दिवस मला पलीकडून "आई, चहा" आणि "कुंदा, पाणी" एवढंच ऐकू येई. सगळ्या बिल्डिंगमध्ये तेच. जग बंद पडलं आणि आम्हा बायकांचं काम दुप्पट झालं. वर पुरुषमंडळी कंटाळा आला म्हणून कुरकुरणार. मी आपली मुकाट भांडी घासत होते. कुंदाताई मुकाट बसणाऱ्यातल्या नव्हेत.

पाचव्या दिवशी त्यांनी घरात कारखान्यासारखी लाइन लावली. थोरला कटिंगला, म्हणजे भाजी चिरायला. धाकटा वॉशिंगला. आणि भावोजी, म्हणजे ताईंचे यजमान, पोळ्यांना. "उद्या कारखाना उघडला की सेठचा फोन येणार. तेव्हा घर अडता कामा नये, साईं." हे 'साईं' त्यांच्या सिंधी सेठकडून उचललेलं. भावोजींची पोळी त्या खिडकीच्या उजेडात धरत. "कड कच्ची. अल्टर." पोळी परत तव्यावर. एकदा भावोजींनी वैतागून लाटणं आपटलं, तर ह्या शांतपणे म्हणाल्या, "मशीनवर राग काढायचा नाही." भिंतीच्या अलीकडे आम्ही नवराबायको कान लावून पोट धरधरून हसायचो. आमच्या ह्यांचं हसू मात्र मी त्याच संध्याकाळी लाटणं हातात दिल्यावर थांबलं.

भावोजी शिकले हो. पुढे तर त्यांच्या पोळ्या फुगायला लागल्या. कारखाना उघडला तशा ताई पुन्हा साडेनऊला शेअर रिक्षा धरायला निघाल्या, हातात भावोजींनी भरलेला डबा. मला काय हेवा वाटला म्हणून सांगू.

महिन्याभराने मी भरदुपारी शिवमंदिरात गेले, तर मागच्या बाजूला झाडाखाली कुंदाताई बसलेल्या.

"आज सुट्टी का, ताई?"

"सुट्टी कसली? सेठने निम्मीच माणसं परत घेतली. पुरुष सगळे घेतले. म्हणाला, बायकांचं काय, त्यांना घर आहे."

रोज सकाळी त्या एकेका कारखान्यात काम विचारून येत होत्या आणि उरलेला दिवस इथे काढत होत्या.

"अहो, मग घरी सांगायचं ना."

"सांगितलं की दुसऱ्या दिवशी लाटणं माझ्या हातात. आणि हा डबा बंद." डबा त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. "चोवीस वर्षं सगळ्यांचे डबे मी भरले गं. मला कुणी भरून दिलेला हा पहिलाच. हे कांदा चिरून वेगळा बांधून देतात, मला आवडतो म्हणून. त्यांना ते ठाऊक आहे, हेच मला ठाऊक नव्हतं."

ताईंना इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी टेकले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भावोजी होते, आवाज मलाही ऐकू येत होता.

"जेवलीस का? सहाला सुटलीस की कळव, कुकर लावतो."

"हो, कळवते. ठेवा आता, मालाची गाडी आलीय."

तेव्हा दोन वाजले होते. मी घरून अर्ध्या तासासाठी म्हणून निघाले होते. ह्यांना फोन करून सांगितलं, आज घरचं तुम्ही बघा, आणि सहा वाजेपर्यंत ताईंजवळ बसून राहिले.