साळिंदरबाईचा चिनी दवाखाना

एका जंगलात, पोरांनो, वाघाची मान धरली. हसू नका. राजाची मान धरली की प्रजेनं आपली खाली घालायची असते.

मान डावीकडे वळेना. मग शिकार कोण करणार? वाघीण. ती राबायची, तो बसून खायचा आणि वर कण्हायचा. अशी घरं तुमच्या गल्लीतही असतील. मुकाट बघा, बोट दाखवू नका.

त्याच जंगलात एक साळिंदरबाई होती. हिमालयापलीकडून उडत आलेल्या एका हंसाकडून ती चिनी वैद्यकी शिकत होती. उन्हाळा लागला आणि हंस परत गेला. उरलेलं ती स्वतःलाच टोचून शिकली. सुया विकत आणायचा प्रश्नच नव्हता. तोरा मात्र असा, की नमस्कार केल्याशिवाय ती कुणाची जीभसुद्धा बघायची नाही.

वाघिणीनं नवऱ्याला तिच्यापुढे आणून टाकलं.

"पौर्णिमेपर्यंत याची मान सुटली पाहिजे. नाहीतर तुला काट्यांसकट खाईन."

"आधी नमस्कार," साळिंदरबाई म्हणाली.

"मानच वाकत नाही हो," वाघ कण्हला.

"मग पंजे जोड. जीभ काढ."

वाघानं जीभ काढली. आसपासचं निम्मं जंगल पळालं. बाईनं तिच्यावरचा पांढरा थर पाहिला, नाडी धरली आणि विचारलं, "झोप लागते का? स्वप्नं कसली पडतात? राग कुणाचा येतो?"

वाघाचे डोळे भरून आले. जन्मात त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. भेटेल तो एकच विचारायचा, पोट भरलंय ना?

मग बाईनं त्याच्या मानेत काटे खोवले. दवण्याची धुरी दिली. कवठाच्या करवंट्या तापवून पाठीवर पालथ्या चिकटवल्या. पट्ट्यांच्या मधे गोल गोल डाग उठले, आणि हा वाघ की बिबट्या यावरून माकडांत मारामारी जुंपली.

"डाग आपोआप जातील," बाई म्हणाली. "काढा कडूच लागेल. तोंड वाकडं करायचं नाही."

थोड्याच दिवसांत मान सुटली. डावीकडच्या झुडपातून ससा गेला आणि वाघाचं डोकं गर्रकन फिरलं, तेव्हा बाईला कळलं.

"सुटली की रे!"

"हळू बोला, बाई! सुटली म्हणालात तर उद्यापासून शिकारीला जावं लागेल. आणि मग माझ्या झोपेचं कोण विचारणार? बोललात तर खाईन तुम्हाला."

झाली पंचाईत. खरं सांगावं तर वाघ खाणार, खोटं सांगावं तर वाघीण. शिवाय हाताला गुण नाही, अशी बदनामी. बाईला त्यापेक्षा मरण परवडलं असतं.

पौर्णिमेच्या सकाळी वाघीण आली. "सुटली मान?"

वाघ कण्हला. वाघिणीनं जबडा उघडला. साळिंदरबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. नाकावर चिखल, पडलेले खांदे.

"तोंड उघडलंच आहेस तर जीभ दाखव बघू. तुला झोप लागते का गं?"

जबडा तसाच उघडा राहिला. मग वाघीण मटकन खाली बसली. "काय सांगू, बाई…" तिथून जी सुरू झाली, ती ऊन उतरेपर्यंत. सासू, बछडे, हा ऐतखाऊ.

दुसऱ्या दिवशी वाघिणीचीही मान धरली. उजवीकडून.

आता दोघं काटे खोवून शेजारी शेजारी पडलेली असतात. समोर हरणं चरतात. भूक लागली की एकमेकांचा डोळा चुकवून दोघंही ओढ्याकाठी उंदीर धरतात. तेव्हा मान चारी दिशांना फिरते. परत येऊन म्हणतात, "बाई, कालच्यापेक्षा बरं वाटतंय. पण अजून थोडं आहे."

"राहणारच. मुळापासून जायला वेळ लागतो. उद्या या."

अशी वैद्यीण पृथ्वीवर नाही, असं हरणं सगळीकडे सांगतात.

तात्पर्य: रोग्याला बरं वाटू द्यावं, बरं करू नये. बरा झालेला रोगी भुकेला निघतो, आणि वाटेत पहिलं घर वैद्याचंच लागतं.