उसने गोचीड

दोन्या ओबदुलिया ब्राकामोन्ते यांच्या घरात पाहुण्याचा मळका कपडा सूर्यास्तापर्यंत मळका राहिला, असे गेल्या एकेचाळीस वर्षांत एकदाही घडले नव्हते. त्यामुळे मंगळवारी दुपारी ओसरीवर दोन पिशव्या आणि त्यांत मातीने माखलेली दोन पांढरी फलालीनची कापडे दिसताच त्यांनी ती उकळत्या पाण्यात टाकली, घासली, खळ घालून उन्हात वाळवली आणि इस्त्री करून चौपदरी घडी घातली. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेले घरांचे आकडेही धुऊन निघाले. दोन्या ओबदुलियांना समाधान वाटले.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांच्याकडे खोली घेऊन राहिलेल्या डॉक्टर नोरिएगा बोलत होत्या. मागल्या उन्हाळ्यात गावातली दोन माणसे गोचीड चावून येणाऱ्या ठिपक्यांच्या तापाने इस्पितळात गेली, तेव्हापासून या बाई घरोघरच्या अंगणांतून दोरीने पांढरे कापड ओढत नेत आणि त्याला किती गोचीड चिकटले ते मोजत. शनिवारी चर्चच्या सभागृहात नकाशा लागणार होता. ज्या घरी सर्वांत जास्त गोचीड, त्या घराभोवती लाल वर्तुळ. आणि औषधफवारणीसाठी घरच्यांनी तीन दिवस बाहेर राहायचे. शेवटची दोन अंगणे त्या सकाळीच झाली होती, पण दवाखान्यातून अचानक बोलावणे आल्याने मोजणी राहिली. ओसरीवरच्या पिशव्यांना कृपा करून कुणी हात लावू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

"कोण लावतंय हात," असे म्हणून दोन्या ओबदुलियांनी फोन ठेवला.

ती दोन अंगणे म्हणजे त्यांचे स्वतःचे आणि समोरच्या दोन्या त्रान्किलीनाचे. गावातले गोचीड समोरच्या सात कुत्र्यांमुळे आहेत, हे दोन्या ओबदुलिया अकरा वर्षे साऱ्या गावाला सांगत आल्या होत्या आणि तेवढीच वर्षे त्या दोघींचे बोलणे बंद होते. शनिवारी याचा सरकारी पुरावा मिळणार होता. तो पुरावा आता इस्त्री होऊन टेबलावर पडला होता.

चूक कबूल करणे हा एक मार्ग होता. त्यांनी तो विचारात घेतला नाही. आपल्या हातून जे गेले ते आपणच भरून द्यावे, असे त्यांनी ठरवले. परंतु त्यांच्याकडे कुत्रा नव्हता. खात्रीने गोचीड मिळेल असे घर एकच होते. त्यांनी चर्चला जायची काळी शाल डोक्यावर घेतली आणि रस्ता ओलांडला.

दोन्या त्रान्किलीना मेस्कीतेच्या झाडाखाली घेवडा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "बसा."

"बसायला नाही आले. थोडे गोचीड हवे होते."

अकरा वर्षांनी आलेल्या शेजारणीला का, असे विचारणे बरे नव्हे. "किती?"

"वीसेक."

"एवढं ऊन तुडवत आलात, चाळीस तरी न्या. आमच्या जनरलच्या एका कानात तेवढे निघतील." जनरल हा थोरला कुत्रा. त्यांनी चिमट्याने वेचून वेचून झाकणाची साखरदाणी भरली आणि पुढे केली. "परत करायची घाई नाही."

घरी येऊन दोन्या ओबदुलियांनी न्यायाने वाटणी केली: टपोरे निवडून समोरच्या कापडावर अठरा, आपल्या कापडावर, गर्व दिसू नये म्हणून, दोन. आकडे सुवाच्य अक्षरात पुन्हा घातले. बारके, चपटे असे वीस गोचीड उरले. आता शेजारणीचे भांडे रिकामे परत करायचे नाही, मग शेजारीण कोणीही असो, हे त्यांच्या आईचे वळण. त्यांनी उरलेले गोचीड आपल्या अंगणातल्या लिंबाच्या बुंध्याशी झटकले, साखरदाणी कढत पाण्याने विसळली, तिच्यात गुळाच्या सारणाच्या चार छोट्या कोयोता पोळ्या भरल्या आणि स्वतः नेऊन दिली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी घडी उलगडली, भिंग लावले आणि कापड नाकाजवळ नेले.

"दोन्या, याला खळ आहे."

"चांगल्या कापडाला असतेच."

"आणि हे रक्त पिऊन टम्म झालेत. पोट भरलेला गोचीड कापडावर चढत नाही. यांना कुणीतरी बसवलंय."

"या घरात आलेल्याला बसवायचीच रीत आहे."

डॉक्टरीणबाईंनी भिंग खाली ठेवले. सकाळी दोन्ही अंगणे पुन्हा करू, एवढेच म्हणाल्या. दोन्या ओबदुलियांना ते पटले. सरळ मार्गानेही निकाल तोच लागणार होता.

सकाळी समोरच्या अंगणात सात निघाले. दोन्या ओबदुलियांच्या अंगणात अकरा, गावात सर्वांत जास्त. त्यांतले नऊ लिंबाच्या बुंध्याशी, जेवलेले नव्हते आणि फार उत्साही होते.

"तुमच्याकडे तर कुत्रा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग हे आले कुठून?"

दोन्या ओबदुलियांनी त्यांना बसायला खुर्ची दिली.

शनिवारी सभागृहात सारे गाव लाल वर्तुळापुढे उभे राहिले आणि सभ्यपणे दुसरीकडे पाहू लागले. रविवारी फवारणीवाले आले. डॉक्टरीणबाई दवाखान्यात राहायला गेल्या. गावात लॉज नव्हता; मोकळी खोली होती ती एकाच घरी, आणि तसा निरोपही आला होता. दोन्या ओबदुलियांनी एका हातात पेटी, दुसऱ्या हातात इस्त्री घेतली, शाल सावरली आणि आठवड्यात तिसऱ्यांदा तो रस्ता ओलांडला.

दोन्या त्रान्किलीनांनी फाटकातून जनरलला बाजूला केले.

"या. गोचीड परत करायला आलात ना?"

दोन्या ओबदुलिया उंबऱ्यावर थांबून खिडकीच्या मळक्या पडद्यांकडे पाहत होत्या.

"पाणी तापत ठेवा," त्या म्हणाल्या.