दाजीकाकांचं स्विस घड्याळ

आमचे शेजारी दाजीकाका रोज सकाळी कुंपणापाशी येऊन मला वेळ विचारत. मी मोबाईल बघून सांगायचो. मग ते घरात जात, दार लावून घेत आणि आपलं सोन्याचं घड्याळ माझ्या वेळेशी ताडून बघत. काटा पुढे-मागे निघाला, तर चूक माझ्या मोबाईलची.

आमच्या तोंडवली गावात या घड्याळाबद्दल ऐकलं सगळ्यांनी होतं, पाहिलं फार थोड्यांनी. काकांचे आजोबा बोटीवर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. कुठल्याशा कप्तानाने खूश होऊन त्यांना ते दिलेलं. साखळीचं, खिशातलं, झाकणावर बारीक कोरलेली वेल आणि वेलीत मान वळवून बघणारं हरीण. काका म्हणत, "स्विस आसा, सोन्याचा आसा, आणि माझ्या जीवाक घोर आसा."

घोर मात्र खरा होता. घड्याळ तांदळाच्या डब्यात, आमसुलांच्या बरणीत, एकदा तर अंड्यांवर बसलेल्या कोंबडीखाली ठेवलं गेलं. ते काढताना कोंबडीने काकांचा हात फोडला. "राखण चांगली करता," काका कौतुकाने म्हणाले. समुद्राची वाट विचारणारे पर्यटक त्यांना हमखास चोर वाटत. "समुद्र काय इचारूची गोष्ट हा? नाकासमोर तर आसा."

अलीकडे तर काका कुठेच टिकेनात. कसालला माझ्या पुतण्याच्या लग्नात पानावर जिलबी पडायच्या आधी उठले.

"काका, जेवा तरी."

"घड्याळ घरात आसा रे."

"मगे वांगडा हाडूचा, खिशात घालून."

"आणि बसच्या गर्दीत कोणी चोरल्यान तर?"

लोक हसले, काका रिक्षा शोधायला गेले.

मे महिन्यातल्या एका सकाळी ते अनवाणीच आमच्या अंगणात आले. चेहरा पांढराफटक. "घड्याळ गावणा नाय," एवढंच म्हणाले. मी आणि माझी बायको मंजिरी धावलो. डबे उपसले, गाद्या झटकल्या, कोंबडीलाही उठवलं. काका मधे उभे राहून संशयितांची नावं घेत होते: पंखा दुरुस्त करणारा, गॅसवाला, परवा पाणी प्यायला आलेले दोन पर्यटक. पोलिसात जाऊया म्हणून मी चप्पल घालतो, तोच मागच्या दारातून सुमतीकाकी आल्या.

काकी म्हणजे काकांची बायको. बोलणं मुळात कमी, हल्ली आणखीच कमी झालेलं. त्यांच्या हातात घासलेल्या भांड्यांची टोपली होती. पितळेचे तांबे, पेले, निरांजन, सगळं लखलखत होतं. आणि त्यात, झाकण उघडं, पाणी निथळत असलेलं घड्याळ.

"ह्या डबीत किडो होतो," काकी म्हणाल्या. "सारको टकटक करी. म्हणान बादलीत बुडवन ठेवलंय. मगे आमसूल आणि राख लावन घासलंय."

मला वाटलं, आता हा माणूस काय करतो कोण जाणे. काकांनी घड्याळ उचललं. हरणाचा डोळा राखेने बुजला होता. कानाला लावलं.

"बरा केलंस," ते म्हणाले. "खूप काळा पडला होता."

काकी समाधानाने आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकीपाशी मंजिरीला बसवून आम्ही दोघे कसालच्या घड्याळजीकडे गेलो. त्याने भिंग लावून पाहिलं आणि मान हलवली. आत पाणी मुरलं होतं, असे भाग आता मिळत नाहीत. काकांनी हुज्जत घातली नाही. घड्याळ सरळ शर्टाच्या खिशात टाकलं, साखळी बाहेर लोंबकळत. बसमध्ये कोणीही ओढून नेली असती. त्यांचं लक्षच नव्हतं.

"मंजिरीन फाटकाक कडी घातली असतली मा?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"घातली असतली. काका, काकींका कधीपासून असा होता?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "झाली वर्सां. एकदा दर्याच्या भरतीत चलत गेली होती. तेच्यानंतर एकटी सोडणंय नाय. घड्याळाक जपतंय म्हटला की लोक हसतत आणि सोडतत. बायलेक जपतंय म्हटला तर धा जणा बघूक येतली, तिका काय झाला म्हणान. तिका ता बरा वाटाचा नाय."

पुढचा सगळा रस्ता ते सीटच्या कडेवर बसून होते.

घरी पोचलो तेव्हा काकी ओट्यावर मंजिरीबरोबर अबोलीचा वळेसर गुंफत होत्या. काका घाईने पायऱ्या चढले. काकींनी वर पाहिलं, पदर सावरला.

"कोण व्हयो तुमका? ते घरात नाय हत."

काका पायरीवरच थांबले. मंजिरीने माझ्याकडे बघितलं.

"खंय गेलेत?" काकांनी हळूच विचारलं.

"कसालाक. येतले आता. माका सोडून ते खंय जास्त रवणत नाय."

"मगे बसतंय मी ते येयपर्यंत," काका म्हणाले, आणि त्यांच्यापासून थोडं अंतर ठेवून ओट्यावर बसले.