वीसच्या वीस चूक

बंगळूरला न्यूरोसायकॉलॉजी शिकायला जागा मिळाल्याचा ईमेल निहारिकेने मोठ्याने वाचून दाखवला आणि त्याच संध्याकाळी तिच्या बाबांची, श्रीकांतरावांची, स्मरणशक्ती गेली.

"बाबा, आज वार कोणता?"

"याद नाही येत गं."

माणसाचा मेंदू कसा विसरतो हे शिकायचं वेड निहारिकेला कॉलेजपासून होतं. आता तसला मेंदू घरातच सोफ्यावर बसून शेव खात होता. "बाबा बरे होईपर्यंत मी नाही जात," ती म्हणाली. श्रीकांतरावांनी गंभीर चेहऱ्याने आणखी शेव मागितली.

पण आजारपण घरापुरतं थोडंच राहतं! आधी निहारिकेच्या आईने, कुसुमताईंनी, नवऱ्याच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली. "फ्रीगंजच्या बाजारात जाऊन घर भूलून गेलात, तर मी कुठे ढूंढत फिरू?" मग शेजारचे भय्यासाहेब रोज सकाळी ब्राह्मीचा कडू काढा आणू लागले आणि समोर उभं राहून पाजू लागले. 'आत्ताच घेतला' म्हणायची सोय नव्हती. विसराळू माणसाच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? शेवटी महाराष्ट्र समाजाच्या गणेशोत्सवातल्या नाटकात दरवर्षी ठरलेली श्रीकांतरावांची मुख्य भूमिका प्रभाकररावांकडे गेली.

"बुरा मत मानना, श्रीकांत," प्रभाकरराव म्हणाले. "डायलॉग कसे ध्यानात राहतील तुझ्या?"

हा घाव जिव्हारी लागला. पण संध्याकाळी निहारिका कागद-पेन घेऊन चाचणी घ्यायला शेजारी येऊन बसली, की श्रीकांतराव तोही गिळून टाकत. तिकडे निहारिका मात्र मोबाइलवर बंगळूरच्या कॉलेजचा फोटो उघडायची, बघत बसायची आणि बंद करायची. तिचा जीव तिकडे ओढ घेत होता.

नकार कळवायच्या आधी तिने शेवटची चाचणी घेतली. वीस चित्रं दाखवली. मग एकेका चित्रासोबत एक नवं चित्र ठेवून विचारलं, "यातलं मघाशी कोणतं पाहिलंत?"

श्रीकांतराव प्रत्येक वेळी कपाळाला आठ्या घालून विचार करत आणि बोट ठेवत. वीसच्या वीस चुकली.

निहारिका कागदाकडे बघतच राहिली.

"बाबा, खरंच विसरलेला माणूस अंदाज बांधतो. त्याची साधारण निम्मी उत्तरं बरोबर येतात. सगळीच चुकवायची, तर सगळी पक्की लक्षात असावी लागतात."

श्रीकांतराव खिडकीबाहेर बघू लागले. तिकडेच बघत म्हणाले, "तू गेलीस की घर खाली खाली होऊन जाईल, बेटा."

इतके दिवस निहारिकेला जायची आस लागली होती, आणि आता जायला मोकळी झाल्यावर पाय निघेना. बाबांचा हात धरून तिने दुसऱ्या हाताने मोबाइलवर होकार कळवला.

श्रीकांतरावांनी डोळे पुसले. चित्रांकडे पाहिलं.

"म्हणजे दहा बरोबर सांगायची होती?"

"हो, बाबा."

"मग हे आधी नाही का सांगायचं गं!"