कांद्याच्या पेशीतील तंतुकणिकांबाबत

भडगावच्या एका विद्यालयात दहावीची विज्ञान प्रात्यक्षिक परीक्षा सुरू असताना मोनाली नावाच्या विद्यार्थिनीने कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि पेशी दिसली तशीच काढली. तिच्या विज्ञानाच्या नवल सरांनी वर्षभर 'दिसेल तेच काढा' हेच शिकवलं होतं, त्यामुळे गुन्ह्यात त्यांचाही सहभाग होता.

धुळ्याहून आलेले परीक्षक नेमीचंद सर आकृतीकडे बराच वेळ पाहत राहिले. पेशीभित्तिका होती, केंद्रक होतं, मोठी रिक्तिका होती.

"तंतुकणिका कुठेय?"

"दिखनी नाही, सर. माले जे दिखनं तेच काढं."

"पेशीत ऊर्जा कोण तयार करतं?"

"तंतुकणिका."

"मग तुझी पेशी चालते कशावर? आणि हरितलवकं?"

"कांदा जमीनमा राहस, सर."

नवल सर मध्ये पडले. "तंतुकणिका असते सर, पण आपल्या भिंगातून दिसत नाही इतकी बारीक."

नेमीचंद सरांनी शेरा लिहिला: 'असलेली बाब दडवली.' पाच गुण गेले. तेवढ्याने मोनालीचा जळगावच्या कॉलेजातला विज्ञान शाखेचा प्रवेश हुकणार, हे नवल सरांना ठाऊक होतं. त्यांनी फेरविचाराचा अर्ज केला आणि त्रिसदस्यीय समिती नेमली गेली.

समितीने असोद्याहून दुसरा कांदा मागवला. त्यातही तंतुकणिका आढळली नाही. अहवालात म्हटलं: पाठ्यपुस्तकास मान्यता आहे, कांद्यास नाही, सबब तफावत आढळल्यास ती कांद्याची समजावी. उपाय म्हणून पुस्तकातली आकृती पारदर्शक कागदावर बारीक छापून काचपट्टीला चिकटवण्यात आली. आता भिंगातून तंतुकणिका, हरितलवकं, गॉल्गी पिंड असं सगळंच दिसू लागलं, बाण आणि नावांसकट. नेमीचंद सरांनी डोळा लावून समाधान व्यक्त केलं.

फेरपरीक्षेत मोनालीने भिंगातून पाहिलं, मग नवल सरांकडे.

"सर, हाऊ कागद शे."

सरांना फार लाज वाटली. "काढ बेटा," ते हळूच म्हणाले. "नावंपण लिही."

तिने सुबक आकृती काढली. पाचपैकी पाच मिळाले.

या निकालावर आपली हरकत असल्यास ती सात दिवसांत लेखी नोंदवावी, अशी सूचना फलकावर लागली आहे. अट एकच आहे: आपण स्वतः दहावीत काढलेली तंतुकणिका कुठे पाहिली होती, ते सोबत लिहून द्यावं.