ठोकळ्यास भोक कैसे पडले आणि प्रणीतरावांची केटी कैसी सुटली, त्याची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न. श्रीगजानन प्रसन्न. हजेरीपटावर देखरेख करणारी जी कोणी देवता असेल तीही प्रसन्न असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख मास, उन्हाळी परीक्षांचा समय. ते समयी अभियांत्रिकी मुलखात जे वर्तमान घडले ते साहेबीं विचारिले, म्हणोन आम्हांस ठाऊक तितके निवेदन करितो. पदरचे घालीत नाही, घातलेच तर थोडके. या मुलखाचा कायदा कडक. हजेरी पाऊणपट भरावी, आणि प्रात्यक्षिकांच्या फायली मुदतीत रुजू कराव्या, आणि टर्मवर्कावर, म्हणजे सत्रभराच्या कामावर, सरांची सही घ्यावी, मग परीक्षेस बसावे. एखादा विषय राहिला तर त्यास केटी म्हणत, ती गळ्यात घेऊन दुसऱ्या वर्षात खुशाल जावे. परंतु पहिल्या वर्षाचा एकही विषय बाकी असेल त्यास तिसऱ्या वर्षाची वेस बंद, त्याणे वर्षभर घरी बसावे आणि विषय सोडवून मग यावे. आणि संगणक शाखेचे लोक, ज्यांस पुढे जन्मभर कळफलक बडवणे, त्यांसही पहिल्या वर्षी लोखंडी ठोकळ्यांची ड्रॉइंगे काढणे प्राप्त होते. ते का, हे कोणी पुसले नाही, आणि पुसून उपयोग जाहल्याचे स्मरणात नाही.

संगणक शाखेत प्रणीतराव धोत्रे म्हणोन मातबर असामी. प्रोग्राम कोणाचाही अडो, प्रणीतरावांनी मांडीवर लॅपटॉप घ्यावा आणि जेवणाची ताटे येईतो तो चालता करावा, ऐसी ख्याती. परंतु ड्रॉइंगास दोनदा बसले आणि दोनदा पडले. त्याचे मूळ वसतिगृहाच्या दस्तुरात होते. दस्तूर ऐसा की दोन खुर्च्यांवर काच आडवी ठेवावी आणि खाली दिवा लावावा, मग काचेवर मागील साली सही जाहलेली कोणाची शीट आणि तिजवर आपली कोरी शीट घालोन, खालचे दिसेल तैसे वर गिरवावे. यास जीटी मारणे म्हणत. फार मागे एका हुशार असामीने पहिली शीट खरोखर काढली होती, आणि तिजवर कोणाच्या हातून चहाचा थेंब पडोन ठोकळ्याच्या मधोमध गोल डाग उमटला. पुढच्याने काचेवर तो गोल पाहिला आणि भोक असेल ऐसे समजोन कंपासने काढिला. त्याच्या पुढच्याने त्यास मध्यरेषा दिल्या. त्याच्याही पुढच्याने व्यासाचे माप लिहिले. प्रश्न दरसाल तोच, म्हणोन साल दरसाल साऱ्या मुलखाच्या ठोकळ्यास भोक पडत गेले, आणि ड्रॉइंगखात्याचे अधिपती निरगुडकर सर प्रत्येक शीटवर सही करते जाहले, कारण शीटा स्वच्छ असत आणि सर्व सारख्या असत, आणि सारख्या गोष्टीकडे कोण कितीदा पाहणार.

ते वैशाखी प्रणीतरावांची अखेरची खेप होती. न सुटल्यास सोबती तिसऱ्या वर्षात जाणार आणि आपण घरी बसणार, आणि आईने तर सोसायटीत सर्वांस सांगोन ठेविले की आमचा मुलगा आता तिसऱ्यात. पुन्हा टर्मवर्क द्यावयाचे होते. खोलीतील सोबती शार्दूलराव ढोबळे, जे नेहमीचे प्रश्न पाठ करोन पहिल्याच झटक्यात सुटले होते, त्यांणी मायेने काच मांडिली आणि दिवाही लाविला. प्रणीतराव बसले आणि उठले.

"दोन वेळा गिरवलंय आणि दोन्ही वेळा उडालोय," प्रणीतराव बोलिले. "पेपरात ठोकळा आला की मला तो दिसतच नाही रे. या वेळी स्वतः काढून बघतो."

"अरे, तुला सही हवीये की कला शिकायचीये?" शार्दूलराव बोलिले. "मुदत संपत आली. येड्यासारखं करू नको."

परंतु प्रणीतरावांनी ऐकिले नाही. कपड्यांच्या साबणाची वडी आणोन चाकूने ठोकळ्यासारखी कापिली, आणि ती समोरून पाहिली, वरून पाहिली, बाजूने पाहिली, आणि जे दिसले ते काढिले. शीट बहुत घाण जाहली. खोडरबराने कागद जागोजागी झिजला आणि एक कोपरा साबणाने बुळबुळीत जाहला. तैसीच ती सर्वांच्या गठ्ठ्यात घालोन निरगुडकर सरांपुढे रुजू केली. शार्दूलराव धीर देण्यास सोबत गेले.

सर सह्या करीत होते. ही शीट हाती येताच त्यांचा हात थांबला, कारण बहुत वर्षांनी एक शीट निराळी दिसली.

"ही काय दशा केलीस? आणि भोक कुठंय?"

"सर, प्रश्नात भोक नाहीये."

"कसं नाही? याला भोक असतं."

प्रणीतरावांनी प्रश्नपत्रक पुढे सारिले. सरांनी चष्मा पुसोन वाचिले, पुन्हा वाचिले. भोक नव्हते. मग सरांनी गठ्ठ्यातील शीटा एकेक उलटिल्या. हिला भोक, तिला भोक, आणि भोकाखाली खासा आपली सही. शार्दूलराव छताच्या पंख्याकडे पाहू लागले. सर मनी म्हणू लागले, सर्वांच्या शीटा नाकाराव्या तर मुदत टळोन अवघी फौज परीक्षेस मुकते, आणि मुख्य गुन्हेगार आपणच. त्यांचे मुख उतरले. आम्हांस त्यांची दया येते.

"मी हे बघायलाच हवं होतं," सर हळू बोलिले. मग बोलिले, "धोत्रे, खुर्ची घे. तुझी बाजूची आकृती चुकलीये. ये, बघू आपण."

इतरांच्या सह्या तैशाच राहिल्या, आणि प्रणीतरावांची शीट सुधारोन तिजवरही सही जाहली. तो दिवस आणि परीक्षेपर्यंतचे सारे दिवस सर शिकवीत गेले आणि प्रणीतराव शिकत गेले. दोघांसही गोडी लागली, कारण सरांस किती वर्षांत कोणी ड्रॉइंग विचारिले नव्हते. निकाल लागला आणि प्रणीतराव काठावर उत्तीर्ण जाहले. घरी फोन केला.

"आई, ड्रॉइंग सुटलं."

आई म्हणाल्या, "आता आधी नीट जेव."

मग सरांनी हुकूम काढिला की यंदापासून ज्याचा त्याचा ठोकळा निराळा आणि शीट वर्गातच काढावी. दस्तूर बुडाला. नवी फौज बहुत खवळली, आणि हे कोणामुळे ते कळताच मेसमध्ये प्रणीतरावांस डाळ वाढू देईनात. परंतु शिव्यांनी आकृती येत नाही, म्हणोन एके सायंकाळी तेच लोक वह्या घेऊन दारात उभे राहिले. प्रणीतरावांनी त्यांस आत घेतले आणि शिकवू लागले. सर्वांच्या मागे भिंतीशी शार्दूलराव येऊन बसले.

"तू कशाला?" प्रणीतराव बोलिले. "तू तर कधीच पास झालास."

"झालो ना," शार्दूलराव बोलिले. "पण मला तो ठोकळा अजून दिसलेला नाही. मलाही दाखव."

सारांश, प्रणीतराव तिसऱ्या वर्षात गेले, निरगुडकर सर पुन्हा शिकवू लागले आणि कायदा होता तैसाच राहिला. परीक्षेपलीकडे संगणक शाखेत ठोकळ्याचे काम पुढे कोणास पडले नाही. इतके वर्तमान. लेखनसीमा.